मायाप्पा आणि डॅश डॅश हेल्प

मायाप्पाला काहीही लक्षात राहत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचाही माझ्यासारखाच जळफळाट होईल. स्वतःचा डबा तो चहाच्या टपरीवर विसरतो. किल्ली गाडीलाच ठेवून वर येतो आणि मग खिसे चाचपत खाली पळतो. कारखान्यात येऊन त्याला वर्ष होऊन गेलं, तरी अकाउंटच्या अंकिताला तो अपेक्षा म्हणतो, आणि ती हसत ओ देते. अशा माणसाकडे सगळा कारखाना अडलं-नडलं विचारायला जातो. पूर्वी ते लोक माझ्याकडे यायचे.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आहे. आम्ही टॉवेल विणतो. खाली माग, वरच्या मजल्यावर डिझाइनची खोली, खोलीत दोन कॉम्प्युटर. गिऱ्हाईक चित्र पाठवतं. कुणाला मोर हवा असतो, कुणाला कमळ, कुणाला मंडळाचं नाव. ते चित्र मागाला कळेल अशा फाइलीत बदलायचं, हे आमचं काम. त्यासाठी इचलकरंजीच्या एका माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम आहे. त्याला बटणं नाहीत, रंगीत काही नाही. काळी खिडकी उघडायची, प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं आणि त्यापुढं डॅश देत देत अक्षरं लिहायची. एका अक्षरानं धागे किती ते कळतं, दुसऱ्यानं रंग किती, तिसऱ्यानं चित्र उलटं करायचं की नाही. एक अक्षर चुकलं की खाली मागावर अख्खा टॉवेल चुकतो.

ती अक्षरं मला पाठ होती. हातरुमालाची वेगळी, आंघोळीच्या टॉवेलची वेगळी, नॅपकिनची वेगळी. मी मूळची मंद्रूपची. शाळेत पाढे म्हणायला गुरुजी मलाच पुढं उभं करायचे, कारण मी कधी अडखळत नसे. आमच्या घरात पाठ असणं म्हणजेच येणं. काही विचारायला गेलं की वडील म्हणायचे, "एवढं बी येत न्हाय व्हय?" त्यावर काय बोलणार? म्हणून विचारणं मी लहानपणीच सोडलं.

लग्न होऊन सोलापुरात आले, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि इथं लागले, तेव्हा डिझाइनला उदयसिंह सर होते. त्यांनी मला सगळी अक्षरं एकदाच सांगितली. तीही उभ्या उभ्या, भराभर, मध्येच फोनवर बोलत. कुठलं अक्षर कशासाठी, ते काही नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारायला गेले, तर कामासाठी खालून वर आलेल्या सगळ्यांकडे बघून हसत म्हणाले, "हिला कुणी घेतलं कामावर?" सगळे हसले. तेव्हा त्यांनी पिस्त्याच्या रंगाचा शर्ट घातला होता, हेही मला अजून आठवतं. त्यानंतर मी कुणालाच काही विचारलं नाही. भांडी घासताना, पोळ्या लाटताना पुटपुटत सगळं पाठ केलं. पुढं सर दुसऱ्या कारखान्यात गेले आणि खोलीत मी एकटी उरले.

मग माझे दिवस आले. माग लावणारा आमचा जॉबर सिद्धाप्पा, अक्कलकोटकडचा, जिना चढून वर यायचा आणि दारातूनच विचारायचा, "अक्का, मोठ्या टॉवेलला काय टाकायचं?" मी मान वर न करता सांगायचे. माहेरी मंद्रूपच्या बाजारात भाजी घेताना फोन यायचा, तरी मी मेथीची जुडी हातात धरून एका दमात अक्षरं म्हणून दाखवायचे. भाजीवाली माझ्याकडे बघत राहायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या विभागाचे इन्चार्ज म्हणजे आप्पा. ते दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची आता माझी, हे मी मनात धरूनच चालले होते. खुर्ची तशी साधीच, काचेच्या केबिनमधली, एक चाक मोडलेली. पण तिच्यावर बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय मागावर चित्र चढत नाही. मला तेवढंच हवं होतं. अख्ख्या कारखान्यानं मला विचारून काम करावं, एवढंच.

आणि मग मायाप्पा आला.

सांगोल्याकडचा. दणकट, काळासावळा, आवाज असा की खाली माग चालू असतानाही जिन्यातून ऐकू यावा. वडील बिरप्पा अजून मेंढ्या घेऊन गावोगाव फिरतात. हा शिकला, सोलापुरातच पॉलिटेक्निक केलं, काही दिवस फ्लेक्स छापायच्या दुकानात होता. आमचे मालक राजशेखर त्याला वर घेऊन आले आणि म्हणाले, "रुपालीताई, ह्याला जरा कामाला लावा की."

मी लावलं. उदयसिंह सरांनी मला लावलं होतं तसंच. उभ्या उभ्या, भराभर, कुठंही न थांबता. मनात म्हटलं, बघू किती टिकतो. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण लिहून काही घेत नव्हता. माझं संपल्यावर म्हणाला,

"लई भारी, ताई. पन मला ह्यातलं एक बी ध्यानात ऱ्हानार न्हाय."

हे सांगताना त्याला काहीच वाटलं नाही. त्यानं खुर्ची ओढली, प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, त्यापुढं दोन डॅश दिले, हेल्प असं लिहिलं आणि एंटर दाबलं.

काळी खिडकी वरपासून खालपर्यंत भरून गेली. एकेक अक्षर आणि त्याच्यासमोर त्याचा अर्थ, साध्या इंग्रजीत. माझी सगळी अक्षरं तिथं होती. मी कधी न ऐकलेलीही होती.

"हे काय आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हेल्प हाय की. आपल्याला ठावं नसलं की त्यालाच इचारायचं. असल्या समद्या प्रोग्रॅमात असतंय बगा, बहुतेक."

"ते माहीत आहे मला," मी म्हणाले. "तू आल्या आल्या कशाला उघडलंस, ते विचारलं."

मला कुठलं माहीत असायला? इतकी वर्षं ते यंत्र माझ्यासमोर बसलं होतं, मी त्याच्यावरची धूळ पुसत होते, दसऱ्याला त्याला हार घालत होते, आणि त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. हा आला आणि पहिल्याच दिवशी ते त्याच्याशी बोलायला लागलं. मला मायाप्पाचा राग आलाच, पण त्याच्या आधी त्या कॉम्प्युटरचा आला.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. मायाप्पाची कामाची पद्धत म्हणजे नुसती विचारपूस. काही करायचं झालं की आधी दोन डॅश आणि हेल्प. त्यानं उत्तर आलं नाही तर एक डॅश आणि एच. तेही नाही चाललं तर प्रोग्रॅमचं नुसतं नाव टाकून एंटर, म्हणजे काही प्रोग्रॅम आपण होऊनच सांगतात की असं वापरा म्हणून. आणि कॉम्प्युटरसोबतच आलेल्या ज्या कमांडी असतात त्यांच्यासाठी मॅन, म्हणजे मॅन्युअलमधलं मॅन, असं लिहायचं आणि पुढं त्या कमांडीचं नाव, की तिची सगळी माहिती पानंच्या पानं उघडते. एक दार वाजवून कुणी आलं नाही तर दुसरं वाजवायचं, असा सगळा प्रकार. आणि हे सगळं तो मोठ्यानं बोलत करायचा, खोलीत कुणीही असो.

सिद्धाप्पा वर आला आणि त्यानं काही विचारलं, की मायाप्पा म्हणायचा, "ठावं न्हाय. थांबा, बगतो." मी तिकडून लगेच उत्तर देऊन मोकळी व्हायचे, त्याचं बघून होण्याआधीच. पहिले काही दिवस मीच जिंकायचे. पण मग सिद्धाप्पा असे प्रश्न घेऊन यायला लागला की ज्यांची उत्तरं उदयसिंह सरांनी मला सांगितलीच नव्हती. एकदा एका हॉटेलवाल्याची ढीगभर चित्रं आली, सगळी एकाच मापात करायची होती. मी एकेक करून करत बसले. मायाप्पानं हेल्प वाचलं आणि सगळा फोल्डर एका ओळीत देऊन टाकला. शिवाय प्रत्यक्ष फाइल न करता नुसतं काय होईल ते दाखवायचं एक अक्षरही त्याला सापडलं. ते आधी चालवून बघितलं, मग खरं केलं, आणि चहाला गेला.

"अक्का," सिद्धाप्पा मला म्हणाला, "ह्यो पोरगं लई हुशार दिसतंय की."

"हुशार कुठला?" मी म्हणाले. "वाचून करतोय तो. त्याला येत काहीच नाही."

सिद्धाप्पानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काय बोलले ते त्याला कळलंच नाही. नंतर तो विचारायला सरळ मायाप्पाच्या टेबलाशी जायला लागला. माझं टेबल दाराजवळ आहे. मला ओलांडून जावं लागायचं.

डबा खाताना मायाप्पा एकदा वडिलांचं सांगत होता. मेंढ्या घेऊन परमुलखात शिरलं, की बिरप्पा वेशीतच थांबतात आणि जो पहिला माणूस भेटेल त्याला विचारतात. पाणी कुठं, रान कुणाचं, कुठल्या शिवारात औषध फवारलंय, कुठला पाला मेंढ्यांना बाधतो. त्याच गावात गेल्या वर्षी जाऊन आले असले तरी पुन्हा विचारतात.

"मी म्हनायचो, आबा, आपल्याला तर ठावं हाय की ह्यो गाव," मायाप्पा भाकरी मोडत म्हणाला. "तर आबा म्हनायचे, आपल्याला गेल्या सालचं ठावं हाय. औंदाचं कुटं ठावं हाय?"

सगळे हसले. मी हसले नाही. मला त्याच्या बापाचाही हेवा वाटला. माझ्या बापानं मला विचारू दिलं असतं, तर आज मी या पोराच्या समोर कोरडी चपाती चावत बसले नसते, असं वाटून गेलं. आणि असं वाटल्याचा पुन्हा राग आला, तोही त्याच्यावरच.

मग मी ठरवलं की आपणही बघायचं. पण त्याच्या समोर नाही. त्याच्या समोर ते दोन डॅश मारायचे म्हणजे त्याच्या पाया पडल्यासारखं झालं असतं. तो जेवायला खाली गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि काळी खिडकी उघडली. घाईत मॅन लिहून एका कमांडीचं नाव टाकलं. माहितीचं पान उघडलं. मी खाली खाली वाचत गेले, काही कळलं, काही नाही, आणि मग बाहेर पडायला गेले तर पडताच येईना. एस्केप दाबलं, एंटर दाबलं, डिलीट दाबलं. पान हलायला तयार नाही. जिन्यात मायाप्पाचा आवाज यायला लागला. मी वाकून कॉम्प्युटरचं बटण बंद करून टाकलं.

"काय झालं ताई?" त्यानं आत येऊन विचारलं.

"लाइट गेली."

तो वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत उभा राहिला. मग आपल्या जागेवर जाऊन बसला. थोड्या वेळानं सिद्धाप्पाला काहीतरी दाखवताना मोठ्यानं म्हणाला, "आन ह्या मॅनच्या पानातनं भाईर यायला नुसतं क्यू दाबायचं बरं का." सिद्धाप्पाला क्यूशी काय करायचं होतं? माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता तरी आलं असतं.

पण क्यू कळल्यावर मी धीट झाले. तो सुट्टीवर असेल त्या दिवशी मी आमच्या प्रोग्रॅमचं हेल्प उघडायचे आणि वाचत बसायचे. एक दिवस तिथं मला कळलं, की मी इतकी वर्षं प्रत्येक ओळीच्या शेवटी जो व्ही टाकत आले, त्याचा टॉवेलशी काहीही संबंध नाही. त्याचा अर्थ एवढाच, की काम करताना काय काय करतोस ते बोलून दाखव. उदयसिंह सरांनी सांगितलं म्हणून मी रोज त्या यंत्राला बडबड कर असं सांगत होते, आणि ते बिचारं बडबडत होतं. मी ती बडबड कधी वाचलीसुद्धा नव्हती. कुणी बघत नव्हतं म्हणून मी एकटीच हसले.

आणि मग मी जे केलं ते फक्त मीच करू शकते. मी ते सगळं हेल्प पाठ केलं. वरपासून खालपर्यंत, एकेक अक्षर आणि त्याचा अर्थ. पुन्हा भांडी घासताना, पोळ्या लाटताना. नवरा म्हणाला, "कसला मंत्र म्हणतेयस?" मी म्हटलं, "खुर्चीचा." महिन्याभरात मला ते इतकं चोख आलं की मायाप्पानं हेल्प टाइप करायच्या आत मी उत्तर द्यायला लागले. सिद्धाप्पा पुन्हा दाराशी थबकायला लागला. आप्पाही एकदा म्हणाले, "रुपाली, तुला तर समदं तोंडपाठ हाय की." माझ्या जिवात जीव आला.

मायाप्पाला मात्र काहीच फरक पडला नाही. काल बघितलेलंच आज पुन्हा उघडून वाचायचा. मी एकदा म्हणालेच, "अरे, हे कालच बघितलंस ना?"

"बगितलं व्हय?" तो म्हणाला. "आसंल."

दिवाळीच्या तोंडावर इचलकरंजीचा तो माणूस आला आणि दोन्ही कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती घालून गेला. जाताना म्हणाला, थोडे बदल केलेत, हेल्पमध्ये सगळं लिहिलंय. मी मान हलवली. हेल्प तर मला पाठ होतं.

त्याच आठवड्यात दोन मोठ्या ऑर्डरी आल्या. एक करमाळ्याच्या लग्नाची आणि दुसरी नातेपुत्याच्या एका तालमीची. कुस्तीच्या मैदानात पाहुण्या पैलवानांचा सत्कार टॉवेल देऊन करणार होते, टॉवेलवर तालमीचं नाव मोठ्या अक्षरांत. करमाळ्याची मायाप्पाकडे गेली, नातेपुत्याची माझ्याकडे. आप्पांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं, "मालक दोन्ही कामं बगनार हायत. मग माझ्या जागेचं ठरवतील. नीट कर, पोरी."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मागांवर टॉवेल पालथा विणला जातो. तोंडाची बाजू खाली असते, पाठ वर. म्हणून चित्र आधी उलटं करून द्यावं लागतं. मागावर अक्षरं उलटी दिसली की समजायचं काम बरोबर आहे. मागावर ती सरळ वाचता आली की समजायचं घोटाळा आहे. उलटं करायला एम हे अक्षर. उदयसिंह सरांनी मला सगळ्यात आधी सांगितलेलं तेच, आणि पाठ केलेल्या हेल्पमध्येही तेच होतं. मी एका दमात ओळ टाइप केली, एम टाकला, फाइल खाली पाठवून दिली. समोर मायाप्पा करमाळ्याच्या मोरांसाठी पुन्हा हेल्प उघडून ओठ हलवत वाचत बसला होता. लहान मुलासारखा. मला त्याची कीव आली. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं.

सिद्धाप्पा नेमका त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. रात्रपाळीला नवीन माणूस होता. त्यानं मागावर तालमीचं नाव सरळ, स्वच्छ वाचलं, त्याला बरं वाटलं, आणि त्यानं माग चालू ठेवला.

सकाळी मी आले तेव्हा घडी घालणाऱ्या बायका टॉवेल उलटसुलट करून बघत होत्या. एक मला म्हणाली, "रुपाली, ही कुठली भाषा गं?" तोंडाच्या बाजूला नाव उलटं पडलं होतं, आरशात बघावं तसं. थप्पीच्या थप्पी.

मालक खाली आले. त्यांच्यामागून आप्पा, आणि जिन्यातून आवाज ऐकून मायाप्पा.

"हे कुणाचं काम?" मालकांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले. "पण मी एम टाकला होता. एम म्हणजे चित्र उलटं करणे. हेल्पमध्ये लिहिलंय." आणि मी ती इंग्रजी ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली, शाळेत पाढे म्हणायचे तशी, हात मागं बांधून.

आम्ही सगळे वर गेलो. मायाप्पानं माझ्या खुर्चीत बसून दोन डॅश आणि हेल्प लिहिलं. वाचत वाचत त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. नवीन आवृत्तीत चित्र आपोआपच उलटं होत होतं. एम दिला की ते पुन्हा सुलटं व्हायचं.

"ताई, तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "पन ते आदीचं हाय. आता बदललंय."

"तुला माहीत होतं?" माझा आवाज चढला. "माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"ठावं न्हवतं की, ताई. करमाळ्याच्या टायमाला वाचलं आसंल, पन इसरलो. आत्ता परत वाचलं तवा कळलं."

त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. मी शोधलं, खरंच शोधलं. असतं तर मला आधार झाला असता.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी टॉवेल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि खाली ठेवला. म्हणाले, "ताई, तुमच्या डोक्यात सगळं असतं, ते मला माहीत आहे. पण तुमच्या डोक्यातलं जुनं झालंय का, ते मला बाहेरून दिसत नाही की." करमाळ्याचे मोर बरोबर उतरले होते, नातेपुत्याचे टॉवेल पुन्हा विणायला गेले. दिवाळी झाल्यावर आप्पांना नारळ आणि शाल दिली, आणि मोडक्या चाकाची ती खुर्ची मायाप्पाला मिळाली. पहिल्याच दिवशी तो केबिनची किल्ली घरी विसरून आला आणि शिपायाला शोधत फिरला. तरी सगळे त्याला इन्चार्जसाहेब म्हणत होते.

मी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले की नोकरी सोडते. तो म्हणाला, सोड. मग मी सोडली नाही.

लोक म्हणतात मायाप्पा भला माणूस आहे. असेल. मी वर्षभर त्याला टोचून बोलले, ते त्याच्या लक्षात नाही. पंख्याकडे बघत तो उभा राहिला होता, तेही बहुतेक विसरला असेल. आणि मला सगळं आठवतं. कोण कधी हसलं, कुठल्या शर्टात हसलं, त्या दिवशी डब्याला काय होतं. इतकं हलकं डोकं घेऊन झोपायला कसं वाटत असेल, याचा मला कधी कधी इतका हेवा वाटतो की झोप येत नाही.

परवाची गोष्ट. मायाप्पा मालकांबरोबर बाहेर गेला होता. खोलीत मी एकटीच. सिद्धाप्पा जिना चढून वर आला, आधी काचेच्या केबिनकडे बघितलं, ती रिकामी दिसली, मग नाइलाजानं माझ्याकडे वळला.

"अक्का, एका गिऱ्हाइकाला किनार एकाच टोकाला पायजे. दुसरं टोक साधं. ह्यो जमतंय का आपल्या प्रोग्रॅमात?"

मला माहीत नव्हतं. असं कुणी कधी मागितलंच नव्हतं. नेहमीच्या सवयीनं माझं तोंड उघडलं, काहीतरी ठासून सांगायला. आणि डोळ्यांसमोर त्या थप्प्या आल्या, वाचता न येणाऱ्या.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "बघावं लागेल."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर बोलले होते. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून वाट बघितली. आता हा हसेल, आता म्हणेल, एवढं येत नाही होय.

सिद्धाप्पानं मायाप्पाची जुनी खुर्ची ओढली. "बगा की," तो म्हणाला. "मी बसतो."

आणि बसला. खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना लावला, आणि खिडकीतून बाहेर बघत मळायला लागला. मी दोन डॅश टाइप केले. हेल्प चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं. पान उघडलं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एकेक अक्षर, हळू, ओठ हलवत. बराच वेळ लागला. त्यानं एकदाही घाई केली नाही. मधून नुसतं विचारलं, "घावलं का?" मी नाही म्हटलं, तर तो म्हणाला, "घावतंय. वाचा तुमी."

मला रडू फुटायला आलं होतं. मायाप्पाला खुर्ची मिळाली तेव्हाही त्याचा इतका हेवा वाटला नव्हता मला, जितका त्या क्षणी वाटला. आपल्याला माहीत नसलं तरी समोरचा माणूस थांबतो, हे त्याला आधीपासून माहीत होतं. मला ते कळायला चाळिशी उलटावी लागली.